शाहूपुरीतली नोटीस, झ्युरिकचं खातं: रहस्यकादंबरीसाठी मदत हवी आहे

पंचगंगाकाठ (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं एक रहस्यकादंबरी लिहिते आहे. विषय परदेशी बँकांमधली गुप्त खाती, आणि गोष्ट घडते आपल्या कोल्हापुरात. सात प्रकरणं झाली, आठव्यात अडकले आहे. इथे बँकेतली, कर सल्ल्यातली, फाउंड्रीतली माणसं आहेत म्हणून कथानक उघड मांडते. रहस्य फुटेल याची भीती नाही, चुकीचं लिहिलं जाईल याची आहे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतलं एक घर पाण्यात. पूर ओसरल्यावर नायिका चिखल उपसताना अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची लोखंडी पेटी बाहेर काढते. आतल्या कागदांचा लगदा झालाय. वाचलाय तो फक्त प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला जुना पासपोर्ट. अण्णा शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करणारे कारागीर. १९९९ मध्ये मालक त्यांना जर्मनीला घेऊन गेले, ड्युसेलडॉर्फच्या गीफा या फाउंड्री प्रदर्शनात स्टॉलवर नमुने मांडायला. घरात त्या प्रवासाची एकच खूण: लेकीसाठी आणलेला रंगीत पेन्सिलींचा पत्र्याचा डबा. २०१० मध्ये अण्णा गेले.

पुरानंतर काही महिन्यांनी त्यांच्या नावाने प्राप्तिकर खात्याची नोटीस येते. झ्युरिकच्या एका बँकेत तुमचं खातं आहे, ते विवरणपत्रात का दाखवलं नाही?

स्वित्झर्लंडकडून भारताला खात्यांची माहिती आपोआप मिळायला सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवात झाली, ही खरी घटना. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी आपल्याकडे पूर. हे दोन्ही एकाच पावसाळ्यात आले हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या घरातला कागद न् कागद भिजून गेला, त्याच घराचा पत्ता तिकडे एका फायलीत कोरडा राहिला होता.

आता सांगा, आयुष्यभर सागवानाचे साचे तासणाऱ्या माणसाचं नाव झ्युरिकच्या बँकेत कसं पोचलं असेल? आणि अशा नोटिशीनंतर घरच्यांवर नेमकं काय कोसळतं?

वाचनवेडा | मंगळवार, रात्री ११:१५

जबरदस्त सुरुवात. पण ताई, एक खून हवाच. बँका आणि फॉर्म यांच्यावर तीनशे पानं वाचक धरून राहणार नाही. नायिकेला केमन बेटांवर पाठवा, तिथे पाठलाग होऊ दे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

करवीरकन्या | बुधवार, सकाळी ७:५०

करांचं काम करते, म्हणून आधी कायदा. काळ्या पैशाविरुद्धचा स्वतंत्र कायदा २०१५ चा, १ जुलै २०१५ पासून लागू. परदेशातली न दाखवलेली मालमत्ता सापडली तर तिच्या किमतीवर ३० टक्के कर, आणि त्या कराच्या तिप्पट दंड. बेरीज करा. १ कोटीच्या खात्यावर १ कोटी २० लाखांची मागणी. खातं रिकामं करूनही भागत नाही. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत एक खिडकी उघडी होती, तेव्हा स्वतःहून सांगणाऱ्याला कर आणि दंड मिळून ६० टक्क्यांवर सुटता आलं. तुमचे अण्णा त्याआधीच पाच वर्षं गेलेले.

एक दुरुस्ती करा. मृत माणसाच्या नावाने काढलेली नोटीस टिकत नाही, वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. त्यामुळे नोटिशीवरून थेट वसुली दाखवू नका. मुलगी मृत्यूचा दाखला घेऊन कार्यालयात जाते, सुटलो असं समजून घरी येते, आणि पुढची नोटीस वारस म्हणून आई आणि तिच्या नावाने येते. मी हे घडताना पाहिलं आहे, साध्या प्राप्तिकराच्या प्रकरणात. दाखला देऊन आलेल्या माणसाचा चेहरा दुसऱ्या नोटिशीच्या वेळी कसा होतो ते विसरता येत नाही.

वारसाची जबाबदारी मात्र त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. म्हणजे तुमच्या गोष्टीत पणाला काय लागतं? कुंभार गल्लीतलं ते घर.

लेजरबुक | बुधवार, सकाळी ९:३०

एका बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो. स्विस खात्यांबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे, की नंबराचं खातं म्हणजे बँकेलाही मालक ठाऊक नसतो. तसं नाही. नंबराच्या खात्यात नाव बँकेतल्या मोजक्या अधिकाऱ्यांनाच कळतं, पण कळतं. १९३४ च्या स्विस बँकिंग कायद्याच्या ४७ व्या कलमाने ते नाव बाहेर फोडणं हा फौजदारी गुन्हा ठरवला, बँकेतल्या माणसाला तुरुंग. तिजोरी साधीच असते ओ, कडेकोट बंदोबस्त त्या कर्मचाऱ्याच्या तोंडाला असतो.

आणि तुमच्या गोष्टीसाठी सोन्यासारखा कागद सांगतो: फॉर्म ए. खातं एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर पैशाचा खरा लाभार्थी कोण, हे या फॉर्मवर लिहून सही घेतात. स्विस बँकांनी १९७७ मध्ये आपसात केलेल्या करारापासून ही पद्धत आहे. मालकाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर कंपनी काढली, तिच्या नावाने झ्युरिकला खातं उघडलं, आणि फॉर्म ए वर लाभार्थी म्हणून पॅटर्नमेकरचं नाव. २०१९ मध्ये माहिती आली ती याच नावाची, कारण माहिती आपोआप देण्याच्या या नव्या व्यवस्थेत नुसत्या कागदी कंपनीमागचा नियंत्रक माणूसही कळवावा लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिल्लक.

वीस वर्षांत घरी एकही पत्र कसं आलं नाही, हा प्रश्न वाचक विचारणारच. त्याचं उत्तरही आहे. ग्राहकाची सगळी टपालं बँकेतच धरून ठेवायची सोय असायची. ग्राहक आला की त्याच्यासमोर गठ्ठा ठेवायचे, बहुतेक वेळा तिथेच वाचून फाडूनही टाकायचे.

शिरोलीनाका | बुधवार, दुपारी १:०५

माझी तिसावी दिवाळी यंदा फाउंड्री लाईनमधली. पैसा बाहेर कसा राहतो ते सांगतो, ऐकीव नाही. कास्टिंग जर्मनीच्या गिऱ्हाईकाला जातं, कंटेनर न्हावा शेव्यातून थेट तिकडेच. पण बिल मध्येच एका कागदी कंपनीच्या नावाने फाडायचं, किलोमागे कमी दराने. ती कंपनी गिऱ्हाईकाला पूर्ण दराने बिल लावते. मधला फरक तिकडेच मुरतो. माल एकच, बिलं दोन. शॉपफ्लोअरवर कुणाला पत्ता लागत नाही, कारण वजन बरोबर असतं, नग बरोबर असतात. डिस्पॅचच्या पोराला फक्त एवढंच खटकतं की माल एका गावाला आणि बिलाचा पत्ता भलत्याच बेटाचा.

एक विनंती मनापासून. मालकाला सिनेमातला खलनायक करू नका. उद्यमनगरात लेथवर उभं राहून मोठे झालेले लोक आहेत हे. १९९९ ला परकीय चलनाचा जुना, कडक फेरा कायदा होता, त्याच्या जागी फेमा लागू झाला १ जून २००० ला. फेरामध्ये परकीय चलनाचा गुन्हा म्हणजे फौजदारी. एकदा बाहेर ठेवलेला पैसा परत आणायचा म्हटलं तरी माणूस घाबरायचा. चूक ती चूकच, पण ती भीती पुस्तकात दिसू दे.

आणि ताई, तुमच्या पासपोर्टात मोठी गोष्ट सुटली आहे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला २००८ च्या शेवटाला. १९९९ ला जर्मनीच्या व्हिसावर झ्युरिकला जाता येत नव्हतं. आमचे लोक गीफाला जायचे तेव्हा आल्प्स बघायचा असला तर स्विस व्हिसा वेगळा काढायचे. म्हणजे अण्णांच्या पासपोर्टात दोन व्हिसे पाहिजेत.

पंचगंगाकाठ | बुधवार, दुपारी १:४०

शिरोलीनाका दादा, हे वाचून हात थरथरले. सात प्रकरणं तो पासपोर्ट नायिकेच्या हातात आहे आणि मी त्यात एकच व्हिसा ठेवला होता. अण्णा घरी कायम म्हणायचे, "मी फक्त जर्मनी बघितली." आता दुसरा व्हिसा तिच्या डोळ्यांसमोर वीस वर्षं होता, तिला त्याचा अर्थ कळत नव्हता. पुन्हा लिहायला बसते.

वाचनवेडा | बुधवार, रात्री ९:२०

माझा मुद्दा सोडत नाही. या धंद्यात माणसं खरोखर मेली आहेत. रोबेर्तो काल्वी, मिलानच्या बँको आंब्रोझियानोचा प्रमुख. १८ जून १९८२ ला सकाळी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला, कपड्यांत विटा आणि हजारो डॉलरचं परकीय चलन. बँकेचे सव्वा अब्ज डॉलरच्या वर पैसे पनामासारख्या ठिकाणच्या कागदी कंपन्यांत अडकलेले. आदल्याच दिवशी मिलानमध्ये त्याची सेक्रेटरी इमारतीवरून पडून मेली. आधी आत्महत्या ठरवली, दुसऱ्या चौकशीने निष्कर्ष खुला ठेवला, २००२ मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी खून म्हटलं, आणि २००७ मध्ये रोमच्या न्यायालयाने पाचही आरोपी सोडले. पंचवीस वर्षं! आणि माल्टाची पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया, पनामा पेपर्स या फुटलेल्या गुप्त कागदांमधल्या नावांच्या मागे लागलेली, १६ ऑक्टोबर २०१७ ला गाडीतल्या बॉम्बने मारली. मग अण्णा २०१० मध्ये कशाने वारले ते का सांगत नाही तुम्ही?

करवीरकन्या | बुधवार, रात्री १०:१०

वाचनवेडा, उदाहरणं खरी आहेत आणि जिव्हारी लागणारी आहेत. पण शिरोलीच्या मालकाला काल्वीच्या पंगतीत बसवलं तर गोष्ट खोटी वाटेल. या पुस्तकातली भीती वेगळी आहे. बघा, मुलगी झ्युरिकच्या बँकेला पत्र लिहिते, आम्ही वारस आहोत, कागद द्या. बँक काय म्हणेल? खातं कंपनीचं, तुमचे वडील खातेदार नव्हतेच, तुमच्याशी आमचा करार नाही. म्हणजे सरकार म्हणतं पैसा तुमचा, बँक म्हणते तुमचा काही संबंध नाही, आणि मध्ये घरावर टाच. या कात्रीत अडकलेल्या आईला रात्री कोणते आवाज ऐकू येतात ते लिहा. मला तरी पाठलागाची गरज वाटत नाही.

फॉर्म ए तिला मिळण्याचा रस्ता आहे. आपलं प्राप्तिकर खातं दोन देशांतल्या करारानुसार स्विस अधिकाऱ्यांकडे कागद मागू शकतं. ते आले आणि त्यांच्या आधारे कर लावायचा असेल तर तिला दाखवावे लागतात. म्हणजे अण्णांची सही तिला पहिल्यांदा दिसते ती कर कार्यालयातल्या टेबलावर, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये.

बिंदूचौक | गुरुवार, सकाळी ८:१५

कोल्हापूर आणि परदेशी बँक यांचा काय संबंध, असं कुणाला वाटत असेल तर ऑगस्ट २०१८ आठवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला, ९४ कोटींचा. बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे काढले आणि भारतात ज्या एटीएममधून काढले त्यांत आपल्या कोल्हापूरची एटीएमही होती. शिवाय १३ कोटींच्या वर रक्कम स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून हाँगकाँगच्या बँकेत एका कंपनीच्या खात्यात. इथल्या एटीएमपाशी उभं राहून नोटा मोजणाऱ्या पोरांना हाँगकाँगचं ते खातं कुणाचं हे माहीत असण्याची शक्यता किती? हातात नोटा एकाच्या, डोकं दुसऱ्याचं. तुमच्या गोष्टीशी हे जवळचं वाटलं म्हणून लिहिलं.

जेबेलअलीचा_कागलकर | गुरुवार, सकाळी ११:००

दुबईत अशा कंपन्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ऑफिसात सात वर्षं काढली. दोन गोष्टी देतो, त्यावर तुमचं आठवं प्रकरण उभं राहील.

ब्रिटिश व्हर्जिन बेटांची ही कंपनीची पद्धत १९८४ च्या कायद्याने सुरू झाली. जुन्या कंपन्यांत बेअरर शेअर असायचे. शेअरच्या कागदावर नावच नाही, ज्याच्या हातात कागद तो मालक. म्हणून तुमच्या मालकाला पॅटर्नमेकरचं नाव फॉर्मवर टाकायची भीती वाटली नाही. शेअर त्याच्या कपाटात. पण पुढे तिथला कायदा बदलला आणि जुने बेअरर शेअर २००९ अखेर मान्यताप्राप्त संरक्षकाकडे जमा करणं किंवा नावावर करून घेणं भाग पडलं. तेव्हा मालकाला पुन्हा कागद करावे लागले असणार. पुन्हा सही. आणि अण्णा गेले २०१० ला. मी खून म्हणत नाही. पण दुसऱ्या वेळी अण्णांनी विचारलं असेल, "साहेब, हे कशाचं?" दहा वर्षांत माणूस शहाणा होतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. या कंपन्यांना दर वर्षी सरकारी फी भरावी लागते. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत नोंदलेल्यांना ३१ मे पर्यंत, दुसऱ्या सहामाहीतल्यांना ३० नोव्हेंबरपर्यंत. नाही भरली तर कंपनी नोंदवहीतून निघते. तुमची कंपनी २०१९ लाही जिवंत आहे. मालक लाभार्थी नाही, अण्णा वारलेले. मग २०१० पासून दर वर्षी फी भरतंय कोण?

भुदरगडी | गुरुवार, दुपारी १२:३०

अंगावर काटा आला हे शेवटचं वाक्य वाचून.

लेजरबुक | गुरुवार, दुपारी ४:२०

कागलकर, फार मोलाचं लिहिलंत. भर घालतो. कंपनी जिवंत आहे की नाही हे तिथल्या निबंधकाकडे फी भरून कुणालाही तपासता येतं. भागधारकांची नावं मिळत नाहीत, पण नोंदणीकृत एजंट कोण ते कळतं. आणि नायिकेला एक दार फुकट उघडं आहे. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने फुटलेल्या कागदांतून केलेली यादी इंटरनेटवर आहे, ८ लाखांहून जास्त कंपन्या आणि ट्रस्ट त्यात आहेत. एकट्या पनामा पेपर्समध्ये १ कोटी १५ लाख कागद आणि २ लाख १४ हजार कंपन्या होत्या. रंकाळ्यावर बसून मोबाईलवर तिने कंपनीचं नाव टाकलं आणि एजंट सापडला, हे अगदी शक्य आहे. यादीत नाव आहे म्हणजे गुन्हा झाला असं नसतं, हे मात्र तिच्या तोंडी जरूर घाला.

भुदरगडी | गुरुवार, सायंकाळी ७:०५

मला बँकेतलं कळत नाही, पण सहीचं कळतं. माझे वडील एका पतसंस्थेत जामीनदार राहिले होते. कुणाच्या कर्जाला, ते त्यांना सही करताना सांगितलं नव्हतं. मालक म्हणाले, "इथं कर", त्यांनी केली. मालकाला "कशावर" असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटायचं. पुढे संस्था बुडाली आणि वसुलीची माणसं आमच्या दारात. वडील त्या दिवसापासून सही करायची म्हटलं की आधी चष्मा पुसायचे, मग सगळा कागद अक्षर न् अक्षर वाचायचे. वीजबिलाच्या पावतीवरसुद्धा.

तुमच्या अण्णांना ठाऊक होतं का, हे शेवटपर्यंत सांगू नका. पण त्यांची सही नीट लिहा. कशी होती ती?

शिरोलीनाका | गुरुवार, रात्री ८:३०

जुने पॅटर्नमेकर साच्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि तारीख घालायचे. ज्याचा साचा त्याची जबाबदारी. आमच्या पॅटर्न स्टोअरमध्ये अजून आहेत असे, मराठीतल्या सह्यांचे. माणूस गेला, साचा राहिला.

लेजरबुक | गुरुवार, रात्री ९:००

पासपोर्टवर मराठीत सही असेल तर बँक फॉर्मवरही तशीच मागणार. सही पासपोर्टशी जुळवूनच घेतात. म्हणजे झ्युरिकच्या फायलीत देवनागरीत सही. त्या अधिकाऱ्याला ती वाचताही आली नसेल, त्याने फक्त आकार जुळवला असेल.

पंचगंगाकाठ | शनिवार, पहाटे १:२५

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण आठवं प्रकरण लिहीत होते. तुम्हा सगळ्यांचं ऋण आहे. वाचनवेडा, खून नाही घातला, पण २०१० चं ते मरण आता आधीसारखं साधंही राहिलेलं नाही. सुरुवातीचा भाग इथे देते.

"अधिकाऱ्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. वर जर्मनमध्ये काहीतरी छापलेलं, खाली टंकलेलं अण्णांचं पूर्ण नाव, त्याखाली शाहूपुरीचा पत्ता. आणि सर्वात खाली ती सही. पहिल्या अक्षराचा काना लांब ओढलेला, शेवटच्या अक्षरावर रेघ न देता तशीच सोडलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला ती हीच सही घेऊन जायची. कुणी नक्कल केली असती तर रेघ पूर्ण केली असती.

'तुमच्या वडिलांचीच का?' अधिकाऱ्यांनी विचारलं. आवाज वाईट नव्हता.

तिने आईकडे पाहिलं. आई कागदाकडे बघतच नव्हती. ती पिशवीतून काहीतरी काढत होती. पेन्सिलींचा पत्र्याचा डबा, पुराच्या पाण्याने कडा गंजलेला. आईने तो उपडा करून टेबलावर ठेवला आणि तळाशी कोरलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. स्वित्झर्लंड.

'मला वाचता येत होतं,' आई म्हणाली. 'आणला त्या दिवशीच वाचलं होतं.'"

भुदरगडी | शनिवार, सकाळी ६:१०

आईला माहीत होतं! मग ३० नोव्हेंबरची फी?

पंचगंगाकाठ | शनिवार, सकाळी ६:४०

ते नवव्या प्रकरणात. कागलकर, ती फी भारतातून कुणी भरत असेल तर पैसे कुठल्या मार्गाने जातील, यावर तुम्हाला आज संध्याकाळी फोन केला तर चालेल का?

जेबेलअलीचा_कागलकर | शनिवार, सकाळी ७:०५

चालेल. तुमच्याकडचे सात वाजल्यानंतर करा. आणि आईचं बँक पासबुक कुठल्या वर्षापासूनचं शिल्लक आहे ते आधी ठरवून ठेवा, पुरात गेलं असेल तर दुसरा रस्ता शोधावा लागेल.